गाद्या ठोकलेली खोली

"चेअरमन, किगोझीचं गाणं कधी ऐकलंच नाही म्हणता? तुम्ही धडधडीत खोटं बोलताय," नाकिबूका वस्तीच्या प्रमुखाच्या व्हरांड्यात उभी राहून म्हणाली. साध्या वेषातल्या माणसांनी काल तिच्या भावाला, किगोझीला, शेजारच्या त्याच्या गाण्याच्या खोलीतून फरफटत नेलं होतं. सरकारवर टीका करणाऱ्या त्याच्या नव्या गाण्याची ओळ त्यालाच म्हणून दाखवत मारलं होतं.

चेअरमननी मटोकेचा, उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा, घास सावकाश गिळला. "पोरी, मला कसं काय ऐकू येणार? भिंतभर जुन्या गाद्या न् अंड्यांचे ट्रे ठोकलेत त्यानं. आत बैल कापला तरी बाहेर कळायचं नाही."

"त्यालाही तसंच वाटायचं. स्वस्तात काम झालं म्हणून खूश होता. आता जरा गप्प बसा आणि ऐका."

भिंतीपलीकडे, त्याच खोलीत, दार लावून तिची आई ते गाणं हळू आवाजात म्हणत होती. व्हरांड्यात शब्द न् शब्द येत होता. गाद्यांनी आवाजाचं आतलं घुमणं थांबवलं होतं, बाहेर जाणं नाही.

चेअरमनचा हात ताटातच राहिला.

"हे गाणं त्यानं अजून बाहेर कुणालाही ऐकवलं नव्हतं," नाकिबूका म्हणाली. "मग त्या लोकांना ती ओळ कुणी शिकवली? बोला, चेअरमन."