रुमालावरचं नाव

बसा वाईच. तुमी कागदानं तोंड पुसताय त्ये बघून एक गोष्ट आठवली. ती ऐका, मग पुसा.

बारामतीचा स्टँड. इंदापूरची गाडी अजून पुरती थांबली पन नव्हती, तवर माळेगावच्या कुंडलिकनं पळत जाऊन खिडकीतनं रुमाल आत टाकला. मागं वळून बायकोला, गोजरबाईला, दारातल्या गर्दीत ढकलली. रुमाल पडला म्हंजी सीट आपली. एवढा कायदा आपल्याकडं शेंबड्या पोराला पन ठावं हाय.

गोजरबाईचं दोनी गुडघं गेलेलं. इंदापूरपत्तोर उभं ऱ्हानं तिच्या बापाला जमलं नसतं. आन तितं लेकीच्या घरी बारसं. आजी पोचल्याशिवाय पाळना हलनार न्हाय, आसं लेकीनं सांगून ठेवलेलं. सीट मिळाली तर नात दिसनार, न्हायतर खाली उतरून गुमान माळेगाव गाठायचं.

धक्के खात ती सीटपशी गेली, तर तितं एक पोरगा टेकलेला. शिवम त्याचं नाव, कॉलेजातला. त्यानं बी खिडकीतनं रुमाल टाकला व्हता, पन चहाच्या गाड्यावरचा, कागदी. त्यो वाऱ्यानं कवाच उडाला. आता कुंडलिकचा रुमाल मांडीखाली घिऊन गडी मोबाइल बघत बसला.

गोजरबाई म्हनली, बाळा, रुमाल आमच्या ह्यांचा हाय. पोरगं म्हनलं, आजी, मी बी टाकला व्हता, आन रुमाल सगळं सारखंच असत्यात.

"त्याच्यावर काय नाव लिवलंय का?"

झालं. अर्धी गाडी आजीकडनं, अर्धी पोराकडनं. गलका ऐकून कंडक्टरीन आली. राजलक्ष्मी म्हनत्यात तिला, डेपोत तिच्यापुढं कुनाचं चालत न्हाय. तिनं पोराला उठवून रुमाल काढला, झटकला. सुती, निळ्या काठाचा, धुऊन धुऊन सायीवानी मऊ झालेला. मग तिनं त्याचा कोपरा बघितला, वाईच हसली, आन त्यावर अंगठा ठेवला.

"लिवलंय की नाव," ती म्हनली. "मावशी, तुमी सांगा. जुळलं तर सीट तुमची, न्हाय जुळलं तर पोराची."

आता आली का पंचाईत. मानसाच्या रुमालावर त्याचंच नाव असनार. पन लगीन झाल्यापासनं गोजरबाईनं नवऱ्याचं नाव तोंडातनं काढलं नव्हतं. दवाखान्यात कुनी इचारलं तरी शेजारनीला पुढं करायची. कुंडलिक दारात लोकांच्या बगलंत अडकलेला. त्यानं तोंड उघडलं, तशी राजलक्ष्मी म्हनली, आबा, तुमी गप ऱ्हावा.

गोजरबाईनं आडवळनानं सांगून बघितलं. ज्यानं इठ्ठलाला इटंवर उभं केलं, त्यो. "पुंडलिक!" सगळी गाडी वरडली. ती म्हनली, त्याच्याजवळचं. सनसरचा गेणबा मागं उभा व्हता. त्यो म्हनला, म्हंजी तुमच्या मालकानं देवाला उभं ठेवलं, आन तुमाला बसायला सीट पायजे व्हय?

लोक हसून हसून लोळायला लागलं. डायवरनं इंजिन चालू केलं. राजलक्ष्मी म्हनली, मावशी, नाव घ्या न्हायतर गाडी सुटती.

गोजरबाईनं डोळं मिटलं. पदर सारखा केला.

"बारामतीच्या स्टँडवर गर्दी झाली दाट, कुंडलिकरावांच्या रुमालावरनं उठा, नात बघती वाट."

टाळ्या, शिट्ट्या. शिवम बाजूला झाला. पन राजलक्ष्मीनं मान हलवली.

"चुकलं, मावशी. हितं कुंडलिक न्हाय."

गोजरबाईचं तोंड उतरलं. तिनं दांडी धरली आन उतरायला दाराकडं वळली. तवर राजलक्ष्मीनं अंगठा उचलला, आन सगळ्यांना दिसंल आसा रुमाल वर धरला.

"हितं गोजर लिवलंय. कोन वं ही गोजर?"

सगळ्या माना दाराकडं वळल्या. कुंडलिकला तोंड लपवायला जागा न्हाय, अंग चोरायला जागा न्हाय. गडी कारखान्यात साखरंची पोती शिवायचा, आन नाव बी पोत्याच्याच टाक्यानं शिवलेलं, जाडजूड, वाकडं. धुनं सगळं बायकोकडं, पन रुमाल ह्यो मानूस आपल्या हातानं धुवायचा. तिला वाटायचं, तपकिरीचं डाग लपवतोय.

राजलक्ष्मीनं इचारलं, आबा, कुनी शिवलं?

"म्याच," कुंडलिक म्हनला. "दुसऱ्याच्या रुमालात गल्लत नगो म्हनून."

गोजरबाईनं रुमाल हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. मग म्हनली, मला द्यायचा व्हता की शिवायला, ह्यो 'र' बघा कसा उताना पडलाय. आन रुमाल सीटवर हातरून त्याच्यावर ऐसपैस बसली.

पुढं काय व्हावं? इतकी वरसं अडलेलं नाव एकदा सुटलं, मग गोजरबाई थांबायलाच तयार न्हाय. कुंडलिकराव, जरा सरका, वारं अडतंय. कुंडलिकराव, पिशवी धरा. कुंडलिकराव, भवानीनगर आलं का बघा. म्हातारा लाजून लाल, आन गाडी दर येळंला टाळ्या वाजवती. नात पाळन्यात पडायच्या आत त्या घरात रुमालाची गोष्ट पोचली.

त्या दिवसापासनं इंदापूरच्या गाडीत कापडी रुमाल वाढल्यात. शिवम बी बाळगतो. त्याच्या रुमालाचा कोपरा मातर त्यो कुनाला दावत न्हाय.

तवा त्यो कागद टाका तिकडं. हा घ्या कोरा रुमाल, हा घ्या सुईदोरा. आन शिवायच्या आधी, चारचौघांत, मोठ्यानं, नाव घ्या.