पाणी हवं होतं

सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिण्यात टेस्टरताईंचा हात धरणारं ऑफिसात कोणी नव्हतं. चाचणी नापास झाल्यावर नुसतं 'चुकलं' असा संदेश आलेला त्यांना खपत नसे. "काय हवं होतं आणि काय मिळालं, ते सरळ सांगावं की," असं त्या शेजारच्या प्रोग्रामरला येता-जाता ऐकवत.

त्या दुपारी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या प्रोग्रामची चाचणी नापास झाली. पडद्यावर संदेश आला: 'ग्लासात पाणी हवं होतं. केस मिळाले.'

ताईंनी असलं काही लिहिलंच नव्हतं. "ही थट्टा तुझी का रे?"

"तुमच्या फाइलला हात लावायची माझी काय बिशाद, ताई," प्रोग्रामर म्हणाला.

त्यांनी चाचणी पुन्हा चालवली. 'पाणी हवं होतं. केस मिळाले. ओले, लांब, एकाच डोक्याचे.'

ताईंनी टेबलावरचा आपला अर्धा प्यायलेला ग्लास उजेडात धरला. उरलेलं पाणी नितळ होतं, तरी त्यांना शिसारी आली. त्यांनी ते बेसिनमध्ये ओतलं, चाचणीतली संदेशाची ओळच खोडली आणि चाचणी परत लावली.

'ग्लास रिकामा मिळाला. केस घशात मिळाले.'

"ताई, बरं वाटत नाही का?"

उत्तर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तर जिभेच्या मुळाशी काहीतरी वळवळलं. ओकारी आवरत त्यांनी दोन बोटं आत घातली. एक बुळबुळीत टोक हाताला लागलं. त्यांनी ते ओढलं, तशी पोटापर्यंत ओढ बसली.

मग खालून कुणीतरी ते हलकेच मागे ओढलं.