क्लोरीनचं प्रात्यक्षिक

केमिस्ट्री शिकावी तर विपुल सरांकडे, असं सगळा सानपाडा म्हणतो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरीही तेच. आज सकाळी त्यांनी झाडूवाल्या मुक्ताबाईंना वॉचमनच्या संडासात ॲसिड ओतून वर ब्लीचिंग पावडर टाकायला लावली. डाग लवकर निघतात म्हणे.

मुक्ताबाई खोकत बाहेर आल्या. "सर, डोळे झोंबायलेत. श्वास घेता येईना."

"नाटकं नकोत," नाकावरचा रुमाल न काढताच सर म्हणाले. "तोंड धू आणि परत आत जा."

संध्याकाळी क्लासमध्ये सर रंगात आले होते. "क्लोरीनच्या शेवटच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. आठव्यासाठी इतका हपापलेला, की माणसाची फुप्फुसंही सोडत नाही. ॲसिडमध्ये ब्लीचिंग पावडर पडली की हाच वायू सुटतो. हमखास विचारतात, लिहून घ्या."

मी लिहिलं नाही. हात वर केला.

"सर, एकदा करून दाखवा ना."

"डोकं फिरलंय का तुझं, जागृती?" सर केवढ्यानं तरी ओरडले. "इथं माणसं बसलीयत."