पाल

“इटालियन?” बाळासोंनी चहाची बशी तशीच खाली ठेवली. “आगं, विट्यात ती बोलणार कुणासंग? म्हशीसंग?”

घराच्या सोप्यात जत्रेला जमलेली भावकी खो खो हसली. क्रांती हसली नाही. तिच्या मोबाईलवर दिल्लीच्या कॉलेजातली जागा येऊन पडली होती. इटालियन भाषा आणि संस्कृती, बी.ए. पाचच्या आत ‘हो’ दाबायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. चार कधीच वाजून गेले होते.

बाळासो तिचे थोरले चुलते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. धाकटा भाऊ नाथाजी, म्हणजे क्रांतीचा बाप, तिकडं कोइमतूरला गलाईचं दुकान चालवायचा, जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचा. इकडं विट्यात घर, शेती आणि सगळ्यांची अक्कल आण्णा सांभाळायचे. त्यांना विचारल्याशिवाय या घरात बाळाचं नावसुद्धा ठेवलं जात नसे.

“सांगलीला फार्मसी कर,” आण्णा म्हणाले. “जवळ हाय. हाताला काम हाय. इटालियन शिकून पुढं काय?”

“पुढचं पुढं बघू, आण्णा. मला ती भाषा आवडती.”

“आवडती? आवडाय ती काय भजी हाय व्हय?”

पुन्हा हशा. क्रांतीनं दात आवळले. कोइमतूरला बापाच्या दुकानाशेजारी सोन्याच्या साखळ्या करायचा कारखाना होता. तिथली मशीन इटलीची. ती दुरुस्त करायला दर उन्हाळ्यात इटलीचाच एक म्हातारा मेकॅनिक यायचा आणि रुसलेल्या नातीला समजवावं तसा त्या मशीनशी बोलत बसायचा. सोन्याला तो ओरो म्हणायचा. क्रांती त्याच्या पुढ्यात जाऊन बसायची आणि ऐकत राहायची. पुढं ती शिकायला सांगलीच्या हॉस्टेलवर आली, बारावी झाली, पण कानातून ती भाषा काही गेली नाही.

“परकी भाषा म्हंजे काय, ते हिच्या आईला इचारा की!” आण्णांना आता रंग चढला. “नवी नवरी कोइमतूरला गेली. सकाळी दारात एक बाई वरडाय लागली, पाल, पाल! हिनं घेतला झाडू आन् लागली भिंती धुंडाळाय. बाई आपली दुधाचं भांडं घिऊन हुबी. तिकडं दुधाला पाल म्हंत्यात!”

ही गोष्ट दर जत्रेला सांगितली जायची आणि दर जत्रेला तेवढंच हसू यायचं. नाथाजीही हसला. क्रांतीला बापाचा भयंकर राग आला.

आतल्या दारात तिची आई, शालूबाई, उभी होती. डोक्यावर पदर, नजर खाली. थोरल्या दिरापुढं बोलायचं नाही, ही घराची रीत. लग्न होऊन आल्यापासून तिनं ती मोडली नव्हती. कोइमतूरला हीच बाई भाजीवालीशी भांडायला लागली की गल्ली दणाणायची. नाथाजी दुकानात नसला की भल्या भल्या व्यापाऱ्यांना ती वठणीवर आणायची. सगळं तमिळमध्ये. त्या दूधवालीनंच तिला शिकवलं होतं. विट्याला आलं की मात्र तिचा आवाज बंद व्हायचा.

“मग, नाथा? काय करायचं?”

नाथाजीनं लेकीकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, मग जमिनीकडं. “तुमी म्हणशीला तसं, आण्णा.”

क्रांतीनं मोबाईलकडं पाहिलं. पाचाला दहा मिनिटं उरली होती.

तेवढ्यात दारातून आवाज आला. खालच्या पट्टीतला, पण ठाम. शालूबाई नवऱ्याशी तमिळमध्ये बोलत होती. नजर अजून खालीच. थोरल्या दिरापुढं बोलू नये असं ठरलं, तेव्हा घरात एकच भाषा होती. तमिळचं कुणी काही ठरवलंच नव्हतं.

नाथाजीचे कान लाल झाले.

“काय म्हंती रं?” आण्णांनी विचारलं.

“काय न्हाई. आनखी चहा टाकू का इचारती.”

“चहाला एवढं लांबण?” आण्णा क्रांतीकडं वळले. “तू सांग गं. तुला येती की ती भाषा.”

चहाचंच म्हणाली, असं सांगितलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. क्रांतीनं आईकडं पाहिलं. पदराआडून शालूबाईनं मान हलवली. सांग.

क्रांती उभी राहिली. “आई म्हणाली, पोरगी दिल्लीला जाणार. तुमी आण्णांपुढं नंदीबैलावानी मान हलवली, तर कोइमतूरच्या गाडीत एकटंच बसा. मी परकी भाषा ठेचकाळत शिकले, लोकांचं हसू सोसत शिकले. माझी लेक कॉलेजात बसून, मान वर करून शिकंल. तिच्या चुका जत्रंत कुणी सांगायच्या न्हाईत.”

एक शब्द तिनं गाळला नाही, की गोड केला नाही.

कुणीच हसलं नाही. बशीतल्या चहावर साय धरली होती.

“एवढंच हाय तर मराठीत सांग म्हणावं,” आण्णा म्हणाले. ती सांगणार नाही, याची त्यांना खात्री होती.

शालूबाई उंबरा ओलांडून सोप्यात आली. तिनं पदर सारखा केला आणि मान वर केली.

“पोरगी जाणार, आण्णा.”

भावजयीचं मराठी आण्णांनी आज पहिल्यांदाच ऐकलं. ते काही बोलायच्या आत क्रांतीनं ‘हो’ दाबून टाकलं.

आण्णांनी बशी पुढं सरकवली. ते खाकरले आणि पहिल्यांदाच थेट शालूबाईला म्हणाले,

“चहा गार झाला. दुसरा टाका. आन् पाल जरा जास्त घाला.”