न हलणारं पातं

तिसरा छेदही वाकडाच निघाला. एका कडेला जाड, दुसऱ्या कडेला नाहीच. दीपमालानं तो काचेच्या बशीतल्या पाण्यात सोडला, तर बटाट्याच्या फोडीसारखा तळाशी जाऊन बसला.

चांगला छेद तरंगतो. वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला सूर्यफुलाच्या कोवळ्या खोडाचा असा एकच अख्खा छेद, म्हणजे कागदासारखा पातळ आडवा काप, हवा होता, आणि तिचा ब्लेडचा हात काही केल्या थरथरायचा थांबत नव्हता. गेल्या वर्षी ती यातच नापास झाली होती. यंदाही तेच झालं तर संभाजीनगरचं होस्टेल बंद आणि थेट घरी, सोयगावला, असं वडिलांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं. वीस मिनिटं उरली होती.

आणि घरी हीच पोरगी विळीवर कोबी चिरायला बसली की बायका बघत राहायच्या. दीपमालाला ते आठवलं आणि ती एकदम ताठ झाली. विळीचं पातं कुठं हलतं?

टेबलाच्या फळीत फट होती. तिनं ब्लेड त्यात उभं खोचलं, ओलं केलं, खोडाचा तुकडा दोन्ही हातांत धरून पात्यावर सरकवला.

"अरे बेटी, ये क्या?" लॅबमधले शिपाई कय्युमचाचा कुजबुजले. "सर देखेंगे तो?"

"बघू द्या चाचा. आता लई झालं."

छेद तरंगले. चक्क तरंगले! एक तिनं लाल रंगात बुडवला, काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मधे पांढरं भेंड, भोवती लाल ठिपक्यांचं कडं, कुठंही न फाटलेलं. तिला ओरडावंसं वाटलं.

"हे कुठं शिकलीस?"

मागे बाहेरून आलेले परीक्षक, सोळुंके सर उभे होते. सकाळपासून त्यांचा उजवा हात खिशातच होता.

"घरी, सर. विळीवर."

सर वाकले. बराच वेळ बघत राहिले. "वय काय या खोडाचं?"

"कोवळं आहे सर. अजून नुसती उंची वाढतेय, जाड व्हायला लागलं नाय."

"कशावरून?"

"ठिपके सुटे सुटे आहेत. मधली जागा अजून जोडली नाय गेली."

सरांनी डाव्या हातानं तिच्या नावापुढं मार्क लिहिले. वीसपैकी अठरा. ती वाचतेय हे दिसूनही त्यांनी कागद झाकला नाही. दीपमालाचे डोळे भरून आले.

मग त्यांनी उजवा हात बाहेर काढला. तो तिच्यापेक्षा कितीतरी जास्त थरथरत होता.

"आठ वर्षांत एक छेद घेतला नाही मी," ते म्हणाले. "सरक जरा."

त्यांनी खोड दोन्ही हातांत घट्ट धरलं. पहिले दोन फुकट गेले. तिसरा तरंगला. तो त्यांनी लाल रंगात सोडला.

"सर, टाइम हो गया," कय्युमचाचा म्हणाले. "दुसरी बॅच बाहेर खडी है."

"थांबा हो," लाल पाण्यावरची नजर न काढता सर म्हणाले. "माझा अजून रंगतोय."