कच्ची तूर

रुक्माबाईनं शेंग सोलली, दाणा दाढेखाली धरला आणि तिथंच थांबली. तिच्या वावराच्या बांधावर अकरा माणसं विळे घेऊन उभी होती. सकाळचे आठ वाजून गेले तरी बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

तांड्याची तूर सावडीनं कापतात. आज एकाच्या वावरात सगळे, उद्या दुसऱ्याच्या. पहिला विळा लागतो तो रुक्माबाईनं दाणा चावून 'झाली' म्हटल्यावर. हे कोणी ठरवलेलं नाही. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण तुरीच्या बाबतीत हिच्या जिभेला होतं. तीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती, म्हणून आठ दिवसांपूर्वी तिनं 'कच्ची' म्हटल्यावर सगळे मुकाट्यानं घरी गेले होते.

"सांगा भोजाई," तांड्याचा नायक धावजी, नात्यानं तिचा दीर, म्हणाला. "परवापासून आभाळ सांगून राह्यले. थ्रेशरवालाबी घाई करून राह्यला."

तिनं बबलूकडं पाहिलं. तिचा पोरगा, सव्वीस वर्षांचा, बांधाच्या टोकाला मफलर गुंडाळून उभा होता. वावराच्या मधोमध, तुरीच्या आत, त्याची गांजाची झाडं होती. बी त्याला पांढरकवड्याच्या एका ढाब्यावर मिळालं होतं. खाली दक्षिणेतलं, उन्हात उंच वाढणारं, सहा महिने घेणारं वाण. यानं ते लावलं उशिरा, पोळा तोंडावर आल्यावर. फुलोरा भरायच्या वेळेला नेमकी थंडी पडली आणि झाडं अडून बसली. शेंडे वर दिसू नयेत म्हणून त्यानं ते दोरीनं वाकवून बांधले होते. तूर उभी होती तोवर सगळं झाकलेलं होतं.

"उपटून टाक," असं तिनं काल संध्याकाळी हात जोडून सांगितलं होतं. पोटच्या पोरापुढं हात जोडायचे तिला काही वाटलं नव्हतं.

"पाच महिने खपलो, याडी," तो म्हणाला होता. "आठ दिवस ठेवली तशी आणखी पंधरा दिवस तूर उभी ठेव. तू कच्ची म्हटलं तं कोणी वावरात पाय ठेवत नाही. नाही तं दहा वर्षं मले जेलात भेटाले ये."

रुक्माबाईनं दात दाबला. दाणा कट्टकन फुटला. तिला वाटलं, बांधापर्यंत ऐकू गेला असेल.

"कच्ची हाय," ती म्हणाली.

कोणी पुढं होऊन शेंग तोडली नाही. धावजीनं एकदा आभाळाकडं पाहिलं, एकदा तुरीकडं. "बरं, तं मंग थांबू," म्हणाला आणि वळला. त्याच्या मागं बाकीचे वळले.

शेजारच्या वावराची वर्षा तेवढी घुटमळली. नवरा ट्रकवर, दोन एकर एकटीनं सांभाळणारी, रुक्माबाईला आईच मानणारी. "याडी, माह्या शेंगा तडकून राह्यल्या," ती म्हणाली. "काल भुईवरचे दाणे येचले, वटीभर निघाले. मले वाटलं झाली." मग स्वतःच ओशाळून हसली. "पण तुमी म्हणता तं माहीच नजर चुकली असन."

रुक्माबाईला शरम वाटली. रंगेहाथ सापडली असती तरी एवढी वाटली नसती.

"थांब वर्षा. थांबा सगळे."

माणसं थांबली.

"तूर झाली. आठ दिवसांआधीच झालती. मी खोटं बोलली."

"काहून?" धावजीनं विचारलं.

ती बांधाच्या टोकापर्यंत चालत गेली आणि आपला विळा बबलूच्या हातात ठेवला.

"याडी, नको," तो दबक्या आवाजात म्हणाला.

"मधातल्या ओळींची पात तुही," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "तूच काप. बाकी कोणी हात लावणार नाही."

बबलूनं वावरापलीकडच्या सडकेकडं पाहिलं, मग विळे घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडं. कोणी नजर फिरवली नाही. तो तुरीत शिरला. थोडा वेळ नुसती सळसळ ऐकू आली. मग दोरी कापली गेली आणि एक वाकवलेला शेंडा सुटून वाळल्या तुरीच्या वर आला, हिरवागार, माणसाहून उंच. जरासा हलला आणि खाली गेला. मग दुसरा आला. वास बांधापर्यंत पोचला. एका बाईनं पदर नाकाला लावला.

शेवटचा शेंडा खाली गेल्यावर धावजी म्हणाला, "आतमधीच गाडून टाक म्हणा त्याले. आमी तूर कापाले आलतो, तूर कापू."

रुक्माबाईच्या डोळ्यांना धार लागली. पोरगा वाचला होता.

"पण भोजाई," धावजी तिच्याकडं न पाहता म्हणाला, "उद्यापासून ज्याची तूर त्यानं चावून पाहावं."

तिनं मान हलवली. माणसांनी पाती धरल्या, आणि तुरीला विळे लागले. तिचा विळा आत बबलूजवळ राहिला होता. तिला कोणी दुसरा दिला नाही, बस असंही कोणी म्हटलं नाही. स्वतःच्या वावराच्या बांधावर ती रिकाम्या हातांनी उभी राहिली.