कोरड

भूल चढली. सरूबाईंचा खालचा ओठ आधी गेला, मागोमाग जिभेची डावी कड. त्यांनी बोटांनी हनुवटी चाचपली. ती कुणा परक्या बाईची वाटली.

“सोंड फुटली का गो मना?” त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सुनेला विचारले. शब्द ओठांवरून घरंगळले.

“नाय आई. हाय तेवढंच तोंड हाय. आमाला तेच पुरून उरतं,” रुचिका म्हणाली आणि ओढणीआड हसली.

दातांच्या डॉक्टर जान्हवी मात्र हसल्या नाहीत. एक दाढ तर आज काढायचीच होती. पण सरूबाईंचे उरलेले दातही हिरड्यांलगत पोखरले होते. तंबाखू नाही, मिश्री नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. मग ही अवस्था कशाने?

“दिवसभरात पाणी किती पिता?”

उत्तर रुचिकाने दिले. “बाजारात बसल्यावर पाणी प्यायचं नसतं, मॅडम.”

बोरीवलीतल्या त्या लहानशा मासळीबाजारात पुरुषांपुरती शौचालयाची सोय होती. स्त्रियांच्या सोयीला दार होते आणि दाराला कुलूप होते. म्हणून तिथल्या कोळणींनी आपल्यापुरता एक नेम घालून घेतला होता. पहाटे घर सोडताना जो घोट घ्यायचा तो घ्यायचा. पुढचा दिवेलागणीला, घरी परतल्यावर. मधल्या वेळात घसा सुकला तर गालात लिमलेटची गोळी धरायची. एक विरली की दुसरी. सरूबाईंना हा नेम त्यांच्या सासूने दिला होता. रुचिका पहिल्यांदा पाटी घेऊन त्यांच्या शेजारी बसली, त्या दिवशी सरूबाईंनीच मोठ्या मायेने तिच्या तळहातावर गोळी ठेवली होती. घराण्याचे वाण पुढे दिल्याचे समाधान त्यांना तेव्हा लाभले होते.

“लाळ म्हणजे दातांची राखण,” डॉक्टर म्हणाल्या. “तोंड कोरडं पडलं की राखण गेली. वर दिवसभर साखर. दात टिकणार कसे?” मग त्या सुनेकडे वळल्या. “तुम्ही आ करा बघू.”

रुचिका ओढणी सोडेना. अखेर तिने तोंड उघडले. सरूबाईंनी खुर्चीतूनच मान वळवून पाहिले. त्या कोवळ्या वयाच्या मुखात, पुढच्या दातांच्या मुळाशी, तपकिरी रेघ उमटली होती.

दाढ निघाली. ती ताटलीत पडल्याचा आवाज सरूबाईंनी ऐकला. दुखले काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी रुचिकाला पाट्यांपाशी बसवून त्या समोरच्या सोसायटीत गेल्या. पहिल्या मजल्यावर मालनताई राहत. जुने गिऱ्हाईक. सरूबाई त्यांच्याशी भावावरून कितीदा तरी भांडल्या होत्या. मागितले मात्र कधीच काही नव्हते. मागणे त्यांच्या स्वभावात नव्हते. आज त्या चपला काढून दारात उभ्या राहिल्या. मान वर होईना.

“माझ्यासाठी नाय मागत, ताई. माझं झालं. पन सून हाय. तिला दुपारच्याला तुमच्या घरात संडासला येऊ द्या.”

मालनताईंनी कपाळाला हात लावला.

“कमाल आहे तुमची, सरूबाई! बोंबलाच्या भावावरून इतकी वर्षं घसा फोडलात आणि हे एक वाक्य नाही बोललात? पाठवा तिला. रोज पाठवा. तुम्हीही या.”

सरूबाई जिना उतरल्या त्या जवळजवळ धावतच. वाटेतल्या दुकानातून त्यांनी पाण्याची गार बाटली घेतली, झाकण स्वतःच्या हाताने उघडले आणि ती सुनेपुढे धरली.

“पी. पोट भरून पी. जायची सोय करून आले मी. आता भ्यायचं काम नाय.”

रुचिका एका गिऱ्हाइकाची सुरमई कापत होती. कोयता थांबला नाही. तिने बाटलीकडे पाहिले. त्या पाहण्यात ना हर्ष होता, ना खंत.

“तुमी प्या, आई,” ती म्हणाली. “मना आता तहानच लागत नाय.”